रिबीनच बरी होती

शामलाबाईंनी मोजे घातले आणि गोविंदराव दप्तरदारांच्या पायाखालची जमीन सरकली.

तसं पाहिलं तर मोज्यांत वाईट काही नव्हतं. लोकरीचे, जांभळे, घोट्यापाशी एकेक गोंडा लोंबणारे. सुनेनं, अपर्णानं, पाडव्याला सासूला दिलेले. ग्वाल्हेरची थंडी दिवाळीपासूनच टाचा फोडायला घेते, तेव्हा भेटही वेळेवरची होती. शामलाबाई भाऊबीजेच्या दुपारी ते घालून बैठकीत आल्या, खुर्चीत बसल्या, पाय पुढे केले आणि "उबदार आहेत हो अगदी," म्हणाल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. गोविंदराव मात्र उजव्या मोज्याच्या टोकाकडे बघत राहिले. त्याच्या आत कुठंतरी एक अंगठा होता, आणि आजची सगळी भिस्त त्या अंगठ्यावर होती.

एजी ऑफिसातून, म्हणजे सरकारी हिशेबखात्यातून, गोविंदराव निवृत्त झाले ते हारतुरे घेऊन, एका दिवसात. त्यांच्या कानांनी तसला समारंभ केला नाही. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरच्या शिट्ट्या, मग सारंगी, मग बायकांचे वरचे सूर. आता समोरच्यानं तोंडाकडे नीट बघू दिलं तर बोलणं कळे. त्यानं पाठ फिरवली की कारभार आटोपला. शिल्लक राहिला होता तो नुसता खालचा घुमारा. ट्रकचा, ढोलाचा आणि मुलगा अंबरीश जिना उतरल्याचा.

दुसऱ्या एखाद्या घरात माणूस हे सांगून मोकळा झाला असता. पण दप्तरदारांच्या घरात भाऊबीजेला ओवाळणी म्हणून गाणं देण्याची रीत होती, आणि ही रीत गोविंदरावांनीच पाडली होती. सहा-सात वर्षांचे असताना त्यांनी सुधाताईसाठी लाल रिबीन घेतली आणि ती पाटणकर बाजारातून घरी येईपर्यंत हरवली. पाटावर बसल्यावर ताटात टाकायला काही नाही. रडायच्या ऐवजी पोरानं गाणं म्हटलं, तेही अख्खं. सुधाताईनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "रिबीनच बरी होती."

तेव्हापासून दरसाल भाऊ गाणं शोधून आणी, आधी स्वतः ऐकून पारखून घेई, भाऊबीजेला वाजवी, आणि बहीण ऐकून म्हणे, "रिबीनच बरी होती." गाणी बदलली, वाजवायची यंत्रं बदलली, दोघांचे दात बदलले, निकाल बदलला नाही. गोविंदरावांना आयुष्यात दोनच गोष्टींची आस होती. ताईनं एकदा तरी 'चांगलं होतं' म्हणावं, ही एक. आणि ते तिनं कीव येऊन म्हणू नये, ही दुसरी. कानांचं बाहेर फुटलं की दुसरीचा निकाल त्याच क्षणी लागणार होता. बहिऱ्या भावाच्या गाण्याला नावं ठेवण्याइतकी सुधाताईसुद्धा दुष्ट नव्हती, आणि गोविंदरावांना नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

म्हणून तो अंगठा. शामलाबाई स्वतःच सांगत की आपल्याला तालातलं ओ की ठो कळत नाही. पण गाणं लागलं की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आपसूक हले, आणि तोही असा बिनचूक की एखाद्या तबलजीनं गंडा बांधून घ्यावा. गोविंदराव चेहरा छताकडे आणि नजर साडीच्या काठाशी ठेवत. अंगठा आपटला की "वाह!" बायकोला याचा पत्ता नव्हता, अशी त्यांची खात्री होती. आणि गंमत अशी, की ऐकू येत होतं तोवर त्यांची मतं घरात तिरसट समजली जात. ऐकू येईनासं झाल्यापासून ती प्रगल्भ वाटायला लागली होती.

"चला, सुरू करा," सुधाताई म्हणाल्या. शिंदे की छावनीतल्या सासरघरून त्या सवारीच्या टेम्पोनं एकट्या आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, हातात चिरोट्यांचा डबा. "ओवाळणी शेवटी. आधी तुम्हा लोकांचं काय ते होऊन जाऊ दे."

पहिलं गाणं अंबरीशचं. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं, पाटणकर बाजारातल्या दुकानातून कॅसेटवर भरून आणलेलं. ते लागलं की पन्नाशीला टेकलेल्या अंबरीशची मान अजून कॉलेजातल्यासारखीच हले.

"हे गाणं लागलं की डोळ्यांसमोर तो मुलगा येतो," अपर्णा म्हणाली. "बर्फात, स्वेटर घालून. आणि ती बिचारी शिफॉनमध्ये."

"त्या मुलीला सर्दी झाली असेल, गाण्याला नाही," अंबरीश म्हणाला. "आणि तुझ्या गझलेत काय असतं गं? दोन शब्द गायचे आणि मग तबलेवाल्यानं पाच मिनिटं त्यांचा अर्थ सांगायचा."

"निदान अर्थ असतो!"

"आमच्या वेळेला," सुधाताईंनी सूर लावला, "तीन मिनिटांत सगळं होई. ओळख, प्रेम, ताटातूट. शिवाय पिठात हात असताना ऐकता येई. गाण्याची खरी परीक्षा तीच. ज्याच्यासाठी कणीक सोडून उठावं लागतं, ते गाणं संसाराच्या कामाचं नाही."

हा टोला ख्यालाला होता, म्हणजे अर्थात भावाला. गोविंदराव ताईच्या ओठांकडे बघत होते, त्यामुळे तो वाया गेला नाही.

"बाबांनी तुझ्या रेडिओवर पंचा टाकला होता, ते आठवतंय ना?" ते म्हणाले. "सिनेमाच्या गाण्यांनी घराला विटाळ होतो म्हणून."

"पंच्यातूनसुद्धा ऐकू येई," सुधाताई म्हणाल्या. "आणि हेच बाबा त्यांच्या वडिलांची बोलणी खात. का, तर पेटी वाजवतात! पेटी म्हणजे गोऱ्या साहेबाचं वाद्य, गाण्याची माती होणार. प्रत्येकाच्या वेळेला गाणं मरतंच रे. इतक्यांदा मेलेली वस्तू मी दुसरी पाहिली नाही."

"एक्झॅक्टली, आत्याआजी!" तन्वीनं मधेच झडप घातली. नात विशीतली, मराठी सुरू करी आणि हिंदीत उतरे. "मैं वही तो बोल रही हूँ. तुम्ही लोक ना, सुनने से पहलेच नाक मुरडता. आता माझं ऐका. मुरारमधला मुलगा आहे, आपल्या इथलाच. टेम्पो के रूट पे रॅप लिखा है."

तिनं स्पीकरचा काळा डबा टेबलावर ठेवला आणि फोनवर बोट दाबलं.

आणि गोविंदराव दचकले.

ऐकू आलं! म्हणजे शब्द नाहीत, सूर तर नाहीतच. पण खालून, सोफ्याच्या लाकडातून, धप् धप् करत काहीतरी थेट बरगड्यांत शिरलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा एखादं गाणं आपण होऊन त्यांच्याकडे चालत आलं होतं, मोज्यांची परवानगी न विचारता. त्यांचा हात गुडघ्यावर पडायला लागला. गाणं संपलं.

"यात अंतरा कुठं होता?" सुधाताईंनी विचारलं.

"अंतरा नसतो आजकाल. हुक असतो."

"हुक पोलक्याला असतो."

"आत्या, मी तुझ्या बाजूनं," अंबरीश म्हणाला. "हे गाणंच नाही. हा कंडक्टर आहे."

"बाबा, तुम्ही सांगा," अपर्णा म्हणाली. सगळे वळले. गोविंदराव दप्तरदार, ज्यांनी एकेकाळी ठुमरीलासुद्धा दिवाणखान्यात बसायला खुर्ची दिली नव्हती, ते आता काय बोलतात याकडे सगळ्यांचे डोळे.

"याच्यात दम आहे," गोविंदराव म्हणाले.

कोणाच्या तरी हातातली करंजी बशीत पडली.

"बाबा!" अंबरीश उभाच राहिला. "माझ्या कॅसेटी तुम्ही गच्चीवर वाळवणात टाकल्या होत्यात. उन्हात वाकाव्यात म्हणून! आणि हिच्या धपाधपीत दम?"

"ठेका सरळ छातीत येतो. मधे दलाल नाही."

"देखा? आजोबा मेरी पार्टी में!" तन्वीनं आजोबांच्या गळ्यात हात टाकले. अपर्णा नवऱ्याची गंमत बघून इतकी हसली की गझलेचा अपमान विसरून लेकीच्या बाजूला जाऊन बसली. अंबरीश आत्याच्या शेजारी सरकला. दप्तरदारांच्या घरात पक्ष बदलायला एवढा वेळ पुरे होता.

सुधाताई मात्र हसल्या नाहीत. तांदळात खडा दिसल्यावर बाई ताट उजेडाकडे वळवते, तशी त्यांनी भावाकडे मान वळवली.

"गोंद्या," त्या म्हणाल्या, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"हं," म्हणाल्या आणि तबक घ्यायला उठल्या.

पाट मांडला. गोविंदराव गुडघ्यांची मनधरणी करत बसले. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. निरांजनाचा उजेड ताईच्या चष्म्यात हलत होता. ओवाळून झालं, तबक खाली टेकलं आणि सगळे ओवाळणीची वाट बघायला लागले. गोविंदरावांनी पिशवीतून खाकी पाकिटातली ग्रामोफोनची तबकडी काढली. लहान, जड, काळी, जुन्या पद्धतीची. ताईच्या हातात दिली.

सुधाताईंनी तबकडीवरचा कागद चष्मा वर-खाली करत वाचला. मग नुसतंच बघत राहिल्या.

"कुणाची आहे?" तन्वीनं विचारलं.

"तुकोजीबुवांची," सुधाताई म्हणाल्या. "माझे मास्तर."

लग्नाआधी सुधाताई बुवांकडे शिकत. गाणं चांगलं येत होतं. लग्न ठरलं तशी बाबांनी बुवांना शालजोडी दिली आणि 'आता पुरे' म्हणून सांगितलं. त्यानंतर ताई कधी गायल्या नाहीत. सिनेमाची गाणी ऐकली, पिठात हात घालून. हा इतिहास घरात सगळ्यांना माहीत होता आणि कोणी काढत नसे. बुवांनी उमेदीत एकच तबकडी भरली होती, आणि त्यात नेमकी तीच बंदिश होती जी ते ताईला शिकवत. छोटा गोविंद तेव्हा जिन्यात बसून ती चोरून ऐके. आता ती तबकडी एका भंगारवाल्याकडे सापडली होती.

सापडली खरी, पण तिच्यात सूर उरलाय की नुसती खरखर, हे कळायला गोविंदरावांना काही मार्ग नव्हता. घरात कोणी नसताना लावून त्यांनी यंत्राच्या लाकडावर तळवा ठेवून पाहिला होता. आत काहीतरी थरथरत होतं. तेवढ्या पुराव्यावर ते पाटावर बसले होते.

"ऐकून पाहिलीस ना?" सुधाताईंनी विचारलं. रीतच होती तशी.

"म्हणजे काय? न ऐकता कधी दिलंय?"

अंबरीशनं तबकडी जुन्या विजेच्या यंत्रावर चढवली. सुई टेकली. गोविंदरावांनी सवयीनं चेहरा वर आणि नजर खाली केली. समोर मोजा होता. जांभळा, जाड आणि निर्विकार.

दुसरा उपाय नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेला श्रोता कसाही असला तरी जाणकार दिसतो.

आणि मिटलेल्या डोळ्यांमागं जिना तसाच होता. तिसऱ्या पायरीवरचा निसटता दगड, बुवांचं आधी खाकरणं, ताईचा कोवळा आणि जरासा घाबरलेला आवाज, खालून येणारा फोडणीचा वास. बंदिश जागची हलली नव्हती. कान गेले होते, पण तिचा मुक्काम कानात नव्हताच मुळी. बुवांनी मुखडा घेतला. गोविंदरावांची बोटं मांडीवर मात्रा मोजू लागली. स्थायी झाली. अंतऱ्याला बुवा जरा वर बघत, ते बघून झालं. एक तान उतरली, दुसरी उतरली, ताईला जमत नसे ती तिसरीही उतरली, आणि मग बुवा एक आख्खं आवर्तन घोळवत घोळवत, आता चुकणार, आता चुकणार असं वाटायला लावत, टपकन समेवर आले.

"क्या बात है!" गोविंदरावांनी मांडीवर थाप मारली आणि डोळे उघडले.

कोणी हललं नाही. तन्वीचं तोंड उघडं होतं. अपर्णाचा हात छातीवर. अंबरीश यंत्राशी वाकलेला तसाच. यंत्राचा लाल दिवा विझलेला होता आणि तबकडी जागच्या जागी स्वस्थ पडली होती. त्यांना शांतता ऐकू येत नव्हती एवढंच. दिसत मात्र होती.

"बाबा," अंबरीशचे ओठ म्हणाले, "लाइट गेलीये. मघाशीच."

स्थायीतच गेली होती. दर्पण कॉलनीची वीज सणासुदीला थोडी हिंडून येते. बुवांचा आवाज जाड होत होत तळाला बसला होता, अंबरीश 'अरे यार' म्हणाला होता, तन्वीनं 'बत्ती गुल!' अशी आरोळी ठोकली होती. आणि पाटावर बसलेला एक माणूस बंद पडलेल्या गाण्याला मान डोलावत होता. आधी सगळ्यांना ती थट्टा वाटली. मग वाटेनाशी झाली.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?" अपर्णानं विचारलं. तिनं ते इतकं सावकाश आणि तोंड मोठं करून विचारलं की न कळायची सोयच नव्हती.

गोविंदराव ताईकडे बघत होते. झालं. आता ती चष्मा काढणार, पदर डोळ्यांना लावणार आणि म्हणणार, 'फार सुंदर होतं हो गोविंदा.' मग पुढच्या सगळ्या भाऊबीजा तशाच, गोड आणि मऊ, आजाऱ्याच्या खिमटासारख्या.

सुधाताई रडत नव्हत्या. त्यांचा उजवा हात त्यांच्याच मांडीवर होता, उताणा नाही, पालथा. थाप मारून झाल्यावर असतो तसा.

"गप्प बसा रे सगळे," त्या म्हणाल्या. "सम आली होती."

"कुठली सम, आत्या? गाणं बंद होतं!"

"तुमचं बंद होतं. बुवा तिथं एक आवर्तन घोळवून मगच येत. हा बरोबर तिथं आला. मीही तिथंच आले."

"मतलब, तुम्ही दोघं..." तन्वीनं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा आत्याआजीकडे. "बिना स्पीकर के?"

"लाइट नव्हती आमच्या वेळेला," सुधाताई म्हणाल्या.

मग गलका झाला. अंबरीश म्हणाला उद्याच कानाच्या डॉक्टरांना दाखवू. अपर्णा म्हणाली तिच्या मावसभावाला लावलंय ते यंत्र दिसतसुद्धा नाही. तन्वी म्हणाली, त्यात गाणीपण थेट लावता येतात, आजोबा, सो कूल. सगळे एकदम बोलत असल्यामुळे गोविंदरावांना त्यातलं काहीच कळलं नाही, आणि त्यांना त्याचं फारसं दुःखही झालं नाही.

"आई, तुला माहीत होतं?" अंबरीशनं विचारलं.

शामलाबाईंनी मोज्यांचे गोंडे सारखे केले. "अंगठा हलवून हलवून पायाला गोळे आले माझ्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मोजे घालावेत. आज तरी तोंडानं सांगतील." आणि नवऱ्याकडे तोंड करून, त्यांना नीट दिसेल असं, "अहो, मला तालातलं कळतं. लग्नाआधीपासून कळतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

गोविंदरावांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू पाहुणी आली आहे.

या गडबडीत सुधाताई तबक उचलून देव्हाऱ्याकडे गेल्या होत्या. निरांजन त्यांनी देवापुढं ठेवलं, वात सारखी केली. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती. त्या हळू नाही बोलल्या. नेहमीच्या आवाजात, खणखणीत बोलल्या.

"रिबिनीपेक्षा फार चांगलं होतं रे गोंद्या. पहिलंसुद्धा. सगळीच."

बैठकीतला गलका थांबला. गोविंदरावांना फक्त एवढंच दिसलं, की अपर्णानं एकदम खाली बघितलं आणि तन्वीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय म्हणाली?" त्यांनी घाबरून विचारलं. "ताई काय म्हणाली? अंबरीश?"

अंबरीशनं आत्याकडे पाहिलं. सुधाताई सावकाश वळल्या, भावासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि उजेड तोंडावर पडेल इतकी मान त्यांनी उचलली.

"म्हटलं," एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "रिबीनच बरी होती."

गोविंदरावांचा इतका वेळ वर अडकलेला श्वास खाली उतरला. ते भिंतीला टेकले. जग होतं तिथंच होतं.

"पुढच्या वर्षी बघ," ते म्हणाले.

"बघते," सुधाताई म्हणाल्या.

तेवढ्यात लाइट आली. लाल दिवा लागला, तबकडी कण्हत कण्हत उठली आणि तुकोजीबुवा तळातून वर चढत पुन्हा स्थायीला आले. सुधाताई मटकन पाटाशेजारी बसल्या.

शामलाबाईंनी वाकून उजव्या पायातला मोजा काढला.